यंत्राचा घसारा आणि वाचकाचा हक्क

जमाखर्चाच्या वहीत यंत्र ज्या दिवशी मरते, त्या दिवशी ते प्रत्यक्षात मेलेले असतेच असे नाही. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरता येतो. म्हणजे १०० रुपयांच्या यंत्राची पुस्तकी किंमत पाच वर्षांच्या अखेरीस ८ रुपयांहूनही कमी उरते. करआकारणीच्या दृष्टीने हा हिशेब ठीक असेल. परंतु वहीतली किंमत उतरली म्हणजे वस्तूचे उपयोगमूल्यही तेवढेच उतरले, असा अर्थ समाज त्यातून काढू लागला की गफलतीला सुरुवात होते. आज मध्यमवर्गीय घरांच्या माळ्यावर, शाळांच्या बंद कपाटांत आणि संस्थांच्या अडगळीच्या खोल्यांत २००८ ते २०१२ या काळातले छोटे लॅपटॉप पडून आहेत. त्यांतले पुष्कळसे बटण दाबले की सुरू होतात. तरीही ‘चालत नाहीत’ म्हणून निकालात काढले गेले आहेत.

या यंत्रांना ई-पुस्तके वाचण्याचे साधन म्हणून पुन्हा कामाला लावता येते. विषय वरकरणी किरकोळ, हौशी माणसाच्या रविवारच्या उद्योगात जमा होणारा वाटेल. परंतु एखाद्या वस्तूचा अंत कोण ठरवतो आणि विकत घेतलेल्या वस्तूची मालकी खरोखर कोणाकडे राहते, हे अर्थकारणातले दोन मूलभूत प्रश्न या छोट्या यंत्रात एकत्र आलेले आहेत. म्हणून त्याचा विचार कार्यकर्त्यांनीही करणे अगत्याचे आहे.

लहान यंत्राची अल्पायुषी कहाणी

या यंत्रांच्या जन्मामागे एक परोपकारी कल्पना होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ साली १०० डॉलरच्या लॅपटॉपची योजना जगापुढे मांडली. गरीब देशांतील प्रत्येक मुलाच्या हाती एक लॅपटॉप द्यावा, असे तिचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्ष यंत्र २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा त्याची किंमत १०० डॉलरच्या बरीच पुढे गेली होती. मात्र त्याचा एक गुण विसरण्याजोगा नव्हता. त्याचा पडदा फिरवून मिटला की यंत्राचे पुस्तक होई आणि त्यावरचा मजकूर भर उन्हातही वाचता येई. भारत सरकारने २००६ सालीच ही योजना नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका लहान गावच्या शाळेत तिचा प्रयोग झाला.

परोपकाराने बाजार दाखवून दिला की व्यापार मागोमाग येतोच. ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असुस कंपनीने ‘ई पीसी ७०१’ हा सात इंची पडद्याचा, किलोहून कमी वजनाचा लॅपटॉप बाजारात आणला. त्यात लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली होती, साठवणीची जागा अवघी ४ जीबी आणि रॅम ५१२ एमबी. पुढच्याच वर्षी इंटेलने ‘ॲटम’ हा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर काढला. एसर व इतर कंपन्या मैदानात उतरल्या आणि दहा इंची पडद्याच्या ‘नेटबुक’ची लाट आली.

या स्वस्त यंत्रामुळे महाग यंत्राचा खप घटतो की काय, ही धास्ती उद्योगाला लवकरच वाटू लागली. मायक्रोसॉफ्टने नेटबुकसाठी विंडोजचा स्वस्त परवाना दिला खरा, पण पडद्याचा आकार आणि रॅम अमुक मर्यादेच्या पुढे जाऊ नये अशा अटींसह. पुढे आलेल्या ‘विंडोज ७ स्टार्टर’मध्ये तर पडद्यामागचे चित्र बदलण्याचीही सोय काढून घेतली होती. गरिबाच्या यंत्राला गरिबीची आठवण सतत राहावी, अशीच ही तजवीज म्हणावी लागेल. २०१० साली ॲपलचा आयपॅड आला, बाजाराचे लक्ष तिकडे वळले आणि २०१३ च्या सुमारास असुस व एसर यांनी नेटबुकचे उत्पादन बंद केले. सारी कहाणी पाच-सहा वर्षांची. सरकारही याच पावलांनी चालत होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटचा गाजावाजा झाला आणि थोड्याच वर्षांत तो विस्मृतीत गेला. प्रत्येक वेळी नवे यंत्र विकत घेण्याचा विचार झाला. हाताशी असलेले यंत्र टिकवण्याचा विचार कोणीही केला नाही.

चौथा घसारा

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) यंत्राच्या झिजेचे प्रकार सांगितले आहेत. वापरामुळे यंत्र झिजते आणि नुसते पडून राहिल्यानेही गंजते. हे दोन प्रकार भौतिक झाले. तिसरा प्रकार असा की, तसेच यंत्र स्वस्तात बनू लागले किंवा त्याहून सरस यंत्र आले, तर धडधाकट असलेल्या जुन्या यंत्राचेही मूल्य घटते. एकोणिसाव्या शतकातल्या गिरणीच्या साच्याला हे वर्गीकरण पुरेसे होते. संगणकाच्या बाबतीत मात्र एका चौथ्या घसाऱ्याची भर घालावी लागते. यंत्र झिजलेले नसते, गंजलेले नसते आणि त्याच्यावर सोपवलेल्या कामापुरते त्याच्याहून सरस यंत्राची गरजही नसते. तरीही दूरच्या एका कंपनीच्या फर्मानाने ते बाद ठरते.

या फर्मानांच्या तारखा सर्वांसमोर आहेत. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढला गेला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ साठी ज्या अटी घातल्या आहेत त्यांत नेटबुक तर बसत नाहीतच. पण त्यांच्या कितीतरी नंतरचे, उत्तम स्थितीतले लॅपटॉपही बसत नाहीत. आधार काढून घेतलेले यंत्र इंटरनेटवर वापरणे धोक्याचे असते, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्या धोक्यावर यंत्र फेकून देणे हाच एक उपाय आहे, ही मखलाशी आहे.

तिची किंमत मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेला कुठे जातो, हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुंबईच्या कुर्ला-साकीनाका भागात पाहायला मिळते. तेथे उघड्या हातांनी तारा सोलणारा आणि आम्लाच्या वाफेत बसून धातू वेगळा करणारा कामगार हा या चौथ्या घसाऱ्याचा खरा करदाता आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणाऱ्यांची नोंदणी आहे. पण त्या व्यवस्थेचा मुख्य भर वजनावर मोजल्या जाणाऱ्या पुनर्चक्रणावर आहे. लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीतच खर्ची पडलेला असतो. त्यामुळे यंत्र फोडून धातू काढण्यापेक्षा ते आहे तसे आणखी पाच वर्षे वापरणे समाजाच्या दृष्टीने अधिक काटकसरीचे ठरते.

यंत्राचे पुस्तक होते ते कसे

काम अवघड नाही. पण ते कशावर अवलंबून आहे हे समजून घेतले पाहिजे. पुस्तक वाचणे हे संगणकाला फार हलके काम आहे. अक्षरांची एखादी कादंबरी साधारणतः १ एमबीच्या आत मावते आणि स्कॅन केलेल्या ग्रंथाला काही दशके एमबी लागतात. ॲटमसारख्या मंद प्रोसेसरलाही एवढे ओझे सहज पेलते. त्याला जड होतात त्या कार्यप्रणाली आणि आजची संकेतस्थळे.

पहिली पायरी कार्यप्रणाली बदलण्याची. जुन्या यंत्रांसाठी हलक्या लिनक्स प्रणाली आहेत. त्यांपैकी ‘अँटीएक्स’ विशेष उल्लेखनीय आहे. ग्रीसमधून चालणारा हा प्रकल्प २५६ एमबी रॅमच्या यंत्रावरही काम करण्याचे उद्दिष्ट ठेवतो आणि आपल्या आवृत्त्यांना अन्यायाविरुद्ध लढलेल्यांची नावे देतो. त्याची १९ वी आवृत्ती मार्च २०१८ मध्ये रिओ दि जानेरोत हत्या झालेल्या समाजवादी नगरसेविका मारिएल फ्रँको यांच्या नावाची आहे. दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरूनच यंत्र सुरू करता येते. मूळ डिस्कला हात न लावता आठ दिवस वापरून पाहावे आणि मग कायमची स्थापना करावी. बहुतेक दहा इंची यंत्रांत रॅम २ जीबीपर्यंत वाढवता येते आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता येते. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने यंत्र हातात उभे धरले, हलले, तरी इजा पोचत नाही.

दुसरी पायरी पडदा आडव्याचा उभा करण्याची. तशी आज्ञा लिनक्समध्ये असतेच. दहा इंची नेटबुकचा पडदा सुमारे २२ सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद असतो. तो उभा केला की क्राउन आकाराच्या पुस्तकाचे अख्खे पान मूळ आकारात दिसते आणि डेमी आकाराचे पान किंचित लहान होऊन मावते. यंत्र उघड्या पुस्तकासारखे धरायचे. एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला कळफलक. टचपॅडची दिशा मात्र उलटसुलट होते, म्हणून पाने कळफलकावरूनच उलटावीत. वारा जाण्याची फट हाताखाली झाकली जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

तिसरी पायरी वाचनाच्या प्रणालीची. ‘एफबीरीडर’सारखी हलकी प्रणाली ईपब पुस्तकांना पुरते. संग्रहाची व्यवस्था ठेवण्यासाठी कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेली ‘कॅलिबर’ ही मुक्त प्रणाली आहे; ती दुसऱ्या, सशक्त संगणकावर चालवून पुस्तके छोट्या यंत्रात उतरवावीत. युनिकोड देवनागरीचे चांगले फॉन्ट बसवून घ्यावेत आणि शेवटी वायफाय बंद करावे. इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्राला फर्मानाच्या तारखांचे भय फारसे उरत नाही आणि वाचकाचेही चित्त पुस्तकावर राहते.

पुस्तक कोणाचे?

यंत्र मोकळे झाले, पण त्यात येणारे पुस्तक मोकळे आहे का? ई पीसीनंतर महिन्याभरातच, १९ नोव्हेंबर २००७ रोजी, ॲमेझॉनने अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र विक्रीस आणले. त्याच्या पडद्याचे तंत्र डोळ्यांना सुखद होते, हे निर्विवाद. परंतु जुलै २००९ मध्ये, विक्रेत्याकडे हक्क नव्हते या कारणास्तव, कंपनीने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तके त्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. ती पुस्तके ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ असावीत, हा योगायोग कोणा कादंबरीकारालाही सुचला नसता. पैसे परत मिळाले, कंपनीप्रमुखांनी माफी मागितली. पण किल्ली कोणाच्या हातात आहे ते जगाला कळून चुकले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून तारेने वाचनयंत्रात नेण्याची सोयही बंद झाली. वाचक पुस्तकाचा मालक राहिला नसून भाडेकरू झाला आहे, आणि भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस केव्हाही येऊ शकते.

जुन्या लॅपटॉपवरचे वाचन या कोंडीतून एक वाट काढते. तेथे पुस्तक ही साधी फाईल असते. ती जपता येते, तिची प्रत ग्रंथालयात ठेवता येते. मोकळे साहित्यही कमी नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सार्वजनिक मालकीचे होते. साने गुरुजींचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून असे खुले झाले आहे. डॉ. राममनोहर लोहियांच्या हयातीतील लेखनाची पाळी १ जानेवारी २०२८ रोजी येईल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध केली आहेत. मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ अक्षररूपात उतरवण्याचे काम स्वयंसेवक करीत आहेत.

येथे एक मर्यादा पाळली पाहिजे. हयात लेखकांची आणि तग धरून असलेल्या छोट्या मराठी प्रकाशकांची पुस्तके फुकट फिरवणे म्हणजे मुक्त ज्ञान नव्हे. लेखन हाही श्रम आहे आणि श्रमाचे मोल बुडवणाऱ्याला समाजवादाचे नाव घेता येणार नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप सहज सुचेल. हातोहाती स्मार्टफोन असताना या लोढण्याची गरज काय? फोनवर वाचन होते, हे मान्य. परंतु जुने मराठी ग्रंथ मुख्यतः स्कॅन केलेल्या पानांच्या रूपातच उपलब्ध आहेत आणि तळहाताएवढ्या पडद्यावर असे पान प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकवावे लागते. शिवाय फोन हा बाजाराचा चोवीस तास उघडा दरवाजा आहे. त्यावर दहा मिनिटे सलग वाचू देणे हे त्या व्यवसायाच्या हिताविरुद्ध आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. हे वाचनयंत्र सर्वगुणसंपन्न नाही. त्याचे वजन किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते. पडदा मागून उजळणारा असल्याने डोळे लवकर थकतात. यातले बहुतेक पडदे समोरून पाहण्यासाठी बनवलेले असतात. उभे धरले की डाव्या-उजव्या डोळ्यांना छटा किंचित वेगळी दिसते. बारीक टाइपातली जोडाक्षरे फुटतात. बॅटरी बहुधा संपलेली असते, म्हणजे यंत्र भिंतीतल्या प्लगशी बांधलेले राहते. आणि फुगलेली बॅटरी तर ताबडतोब काढून नोंदणीकृत संकलन केंद्राकडेच द्यावी लागते. तात्पर्य, प्रवासात वाचण्यासाठी हे साधन नव्हे. टेबलावर, एका जागी बसून, अनेकांनी पाळीपाळीने वाचण्यासाठी ते आहे. म्हणूनच त्याची खरी जागा व्यक्तीच्या पिशवीपेक्षा संस्थेच्या वाचनालयात आहे.

तिसरी अडचण काळाची आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ पासून जुन्या ३२-बिट यंत्रांवर त्या प्रणालीची नवी स्थापना करण्याची सोय उरलेली नाही. अँटीएक्स २३ ज्यावर उभी आहे त्या डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. म्हणजे मुक्त प्रणालींनाही मनुष्यबळाची मर्यादा आहेच. फरक असा की, येथे निर्णय उघड चर्चेने होतो आणि मूळ सामग्री सर्वांना उपलब्ध असल्याने ज्याला पुढे चालवायचे त्याला कोणी अडवू शकत नाही. शिवाय २०१० नंतरची अनेक नेटबुके ६४-बिट आहेत. त्यांना ही अडचण नाही.

लोहियांच्या ‘लहान यंत्रा’ची कसोटी

१९५२ च्या पचमढी अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा विचार समाजवादी चळवळीपुढे ठेवला होता. त्याआधी १९४५ साली जे. सी. कुमारप्पांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेची मांडणी केली होती. त्यांच्या विचाराची आठवण नेटबुक पाहून होते, पण दोहोंत गल्लत करता कामा नये. नेटबुक आकाराने लहान असले तरी ते जागतिक महाभांडवलाचेच अपत्य आहे. यंत्र लोकांच्या आवाक्यातले होते ते ते उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार लोकांकडे आला म्हणजे. जुन्या नेटबुकचे चार स्क्रू काढले की रॅम आणि डिस्क हाती लागते. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पट्टीवर डाग देऊन पक्की केलेली असते. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि आधाराची किमान मुदत कंपन्यांवर बंधनकारक करणारा कायदा झाल्यावाचून चौथा घसारा थांबणार नाही. जुने यंत्र वापरण्याचा वैयक्तिक नेम या मागणीची जागा घेऊ शकत नाही. तो त्या मागणीला बळ मात्र देऊ शकतो.

म्हणून तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. आपापल्या परिसरातील घरे व संस्था यांच्याकडील पडून असलेले छोटे लॅपटॉप मागून आणावेत आणि मूळ मालकाची खासगी माहिती त्याच्यासमोर पुसून घ्यावी. गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला त्याच्या कामाचे पैसे देऊन ती यंत्रे तयार करावीत. हे काम फुकट करून घेण्याचे नाही. मग ती १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांना आणि अभ्यासमंडळांना, फुले-आंबेडकर-साने गुरुजी यांच्या मोकळ्या साहित्यासह, लेखी यादी करून द्यावीत. एका यंत्रात शंभर ग्रंथ सहज राहतील. ज्या गावात त्यांतले दहा ग्रंथही कधी पोचले नाहीत, तेथे विजेचा एक प्लग आणि एक टेबल एवढ्यावर त्यांचे वाचन सुरू होऊ शकेल.